वाय-फायची दोन पानं: उपकरणाचं वेगळं, राउटरचं वेगळं

स्मार्ट प्लग, दिव्याचा स्विच किंवा गच्चीवरच्या टाकीच्या मोटरचा कंट्रोलर घरात आला, की तो वाय-फायला जोडायला बऱ्याचदा ब्राउझरमध्ये एक पान उघडावं लागतं. टॅस्मोटा किंवा ईएसपीहोम या, उपकरणाच्या आत बसणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या उपकरणांचा तर हाच नेहमीचा रस्ता. पण घरात असंच दुसरं एक पान आधीपासून असतं, राउटरचं. दोन्हींचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो, दोन्हीकडे वाय-फायचं नाव आणि पासवर्ड यांचे रकाने असतात, आणि दोन्ही पानं बहुतेक इंग्रजीत असतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळी अडली की विचारतात, तेव्हा बऱ्याचदा एका पानाचं काम दुसऱ्या पानावर झालेलं असतं.

उपकरणाच्या पानावर आपण घरचा आहे तोच पासवर्ड सांगतो. राउटरच्या पानावर त्याच रकान्यात काही लिहिलं, तर घराचा पासवर्डच नवा ठरतो. पहिलं काम म्हणजे पाहुण्याच्या हातात किल्ली देणं, दुसरं म्हणजे दाराचं कुलूप बदलणं. कुलूप बदललं की टीव्ही, पोरांचे फोन, दारावरचा कॅमेरा सगळे एका दमात बाहेर. आणि ज्याच्यासाठी खटाटोप केला, तो प्लग तसाच लुकलुकत राहतो.

आधी उपकरणाचं पान बघू, कारण गोंधळ तिथंच जास्त होतो. नव्या उपकरणाला घरचं वाय-फाय माहीत नसतं, म्हणून ते स्वतःचंच एक छोटं वाय-फाय सुरू करतं. फोनच्या यादीत इंग्रजीत टॅस्मोटा आणि त्यापुढे काही अक्षरं-आकडे असं नाव दिसतं. त्याला जोडलं की पान सहसा आपोआप समोर येतं. त्याचं कारण असं: कुठल्याही नव्या वाय-फायला जोडल्यावर इंटरनेट आहे का हे बघायला फोन एक ठरलेला पत्ता उघडून पाहतो. उपकरण अशा प्रत्येक विचारणेला ‘तो पत्ता माझाच’ असं उत्तर देतं आणि आपलं पान पुढे करतं.

पान आलं नाही, तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ टाकायचं. शेली कंपनीच्या उपकरणांचा पत्ता १९२.१६८.३३.१ असतो. आकडे इंग्रजी अंकांत टाका आणि आधी एचटीटीपी स्वतः लिहा, शेवटी एस न लावता. नाहीतर काही ब्राउझर सुरक्षित जोडणीचा हट्ट धरतात आणि पान येत नाही. ‘सुरक्षित नाही’ अशी सूचना इथं दिसणारच, घरातल्या घरात बोलणाऱ्या या पानाला प्रमाणपत्र नसतं. मात्र उपकरणाचं हे वाय-फाय बहुतेक वेळा बिनपासवर्डचं असतं. म्हणून जोडणी अर्धवट टाकून जेवायला उठू नका, एका बैठकीत संपवा.

दुसरा अडथळा मोबाइल डेटाचा. या छोट्या वाय-फायवर इंटरनेट नसतं, त्यामुळे फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि पान फिरतच राहतं. ‘इंटरनेट नाही, तरी जोडून राहायचं का?’ असं विचारलं तर हो म्हणायचं. तेवढ्या वेळापुरता डेटा बंदच केलेला बरा.

मग यादीतून घरचं वाय-फाय निवडायचं, पासवर्ड टाकायचा, सेव्ह करायचं. उपकरण घरच्या वाय-फायवर जातं आणि त्याचं स्वतःचं वाय-फाय नाहीसं होतं. नेमकं इथंच फोन येतो, ‘अहो, मघाशी आलेलं पान आता उघडंनाच की!’ काही बिघडलेलं नसतं. राउटरनं उपकरणाला नवा पत्ता दिलेला असतो, १९२.१६८.४.१ चं काम संपलं. टॅस्मोटाच्या अलीकडच्या आवृत्त्या नवा पत्ता त्याच पानावर दाखवतात, तो तेव्हाच टिपून घ्या.

टिपायचा राहिला, तर आता राउटरच्या पानाची वेळ. फोन घरच्या वाय-फायवर आणायचा आणि १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ उघडायचं. जिओच्या राउटरला १९२.१६८.२९.१ असतं. हे पान आधी लॉगिन मागतं, त्याची माहिती बहुधा राउटरखालच्या स्टिकरवर असते. आत जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तीत नवा पत्ता सापडतो. तो त्या उपकरणासाठी राखूनही ठेवता येतो, मोटरच्या कंट्रोलरसाठी जरूर ठेवा. इथं आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. अशी बहुतेक स्वस्त उपकरणं वाय-फायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ या बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर, चालतात. तो बँड बंद असेल, तर उपकरणाच्या यादीत घरचं नाव येणारच नाही. पासवर्डच्या रकान्याला मात्र हात लावू नका.

कुठल्या पानावर आहोत असा संशय आला, तर पानाकडे न बघता फोन कुठल्या वाय-फायला जोडलाय ते बघा. उपकरणाचं नाव दिसलं तर पान उपकरणाचं. घरचं नाव असेल, तर पत्त्यावरून ठरवा.

आपल्याकडे वाय-फायचं नाव मराठीत किंवा कन्नडमध्ये ठेवायची हौस आहे, आणि मला ती मनापासून आवडते. पण नावाला जागा असते ३२ बाइटची आणि देवनागरीची प्रत्येक खूण, काना-वेलांटीसुद्धा, ३ बाइट घेते, मधली मोकळी जागा १. ‘जय शिवराय’ २५ बाइटांत बसतं. ‘श्री रेणुका’ ३१ घेतं, म्हणजे पुढे एक मराठी अक्षरही जोडता येत नाही. बसलेलं नावही काही उपकरणांच्या पानावर चौकोन-प्रश्नचिन्हं होऊन दिसतं. अशा वेळी घराचं नाव मराठीतच राहू द्या, आणि उपकरणांसाठी राउटरच्या पानावरून साध्या इंग्रजी नावाचं गेस्ट वाय-फाय काढा. फक्त गेस्टवरची उपकरणं घरच्या फोनला सहसा दिसत नाहीत. त्यांचं पान उघडायचं, तर फोनही गेस्टवर आणावा लागतो.

खानापूरकडे पावसाळ्यात वीज गेली-आली की आणखी एक घोळ होतो. वीज आल्यावर उपकरण काही सेकंदांत जागं होतं, राउटरला मात्र एक-दोन मिनिटं लागतात. घरचं वाय-फाय सापडत नाही म्हणून ईएसपीहोमचं उपकरण, तशी सोय ठेवलेली असेल तर, पुन्हा स्वतःचं वाय-फाय काढतं. ते दिसलं की लगेच सगळं नव्यानं भरायला बसू नका. राउटर उठेपर्यंत थांबलं, की उपकरण बहुतेकदा आपणहून जोडलं जातं.

राउटरच बदलायची वेळ आली, तर नव्या राउटरच्या पानावर जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड भरा, इंग्रजी अक्षरांचं लहान-मोठेपण तंतोतंत राखून. सुरक्षेच्या रकान्यात फक्त डब्ल्यूपीए३ ही नवी पद्धत ठेवू नका, जुनी उपकरणं त्याला जोडली जात नाहीत. एवढं जमलं, तर घरातल्या एकाही उपकरणाचं पान पुन्हा उघडावं लागत नाही.