बडा भाई आणि छोटा भाई: एल्विन-शामराव मैत्रीची पार्श्वभूमी

आदिवासींचे अभ्यासक व्हेरियर एल्विन यांचं नाव आदिवासींवर थोडंफार वाचलेल्या कुणालाही ठाऊक असतं. शामराव हिवाळे म्हटलं की मात्र बहुतेक मराठी माणसं गप्प होतात. एक ऑक्सफर्डचा पदवीधर, इंग्रज बिशपचा मुलगा. दुसरा दख्खनच्या मराठी ख्रिस्ती घरातला तरुण. इंग्रजी अंमलात या दोघांची गाठ फार तर साहेब आणि त्याचा मदतनीस म्हणून पडायची. हे दोघे मात्र एका झोपडीत भाऊ म्हणून राहिले. ते कसं घडलं हे समजून घ्यायचं तर जरा मागे, नगरला जावं लागतं.

अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरमध्ये 1831 पासून सुरू होतं. शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांच्या हातात पाटी-पेन्सिल आली. या कामाचं मोल कमी लेखता येणार नाही. पण गोरा मिशनरी राहायचा बंगल्यात, आणि देशी उपदेशक त्याच्याच मिशनचा पगारी नोकर. रविवारी दोघांनी एकाच प्रभुभोजनात भाग घ्यायचा आणि सोमवारी एकाने दुसऱ्याच्या व्हरांड्यात अदबीने उभं राहायचं. मिशन कोणतंही असो, थोड्याफार फरकाने देशभर हेच चित्र होतं. 1910 साली एडिंबरोला जगभरच्या मिशनऱ्यांची परिषद भरली, तेव्हा दक्षिण भारतातले देशी पाद्री व्ही. एस. अझरिया यांनी हे दुखणं भर सभेत बोलून दाखवलं. तुम्ही गरिबांसाठी धन वेचलंत, देह झिजवलेत, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं आणि शेवटी एकच मागणं केलं: आम्हाला मित्र द्या. अनेकांना ते बोलणं झोंबलं.

महाराष्ट्रात हाच सल रेव्हरंड नारायण वामन टिळकांना होता. त्यांना ख्रिस्त हवा होता, पण तो अभंगात, भजनात, तुकोबाच्या भाषेत. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या प्रत्येकाला त्यात जागा होती. दोनच वर्षांत, 1919 मध्ये ते गेले.

टिळकांचा हा धागा पुढे एका इंग्रज पाद्र्याने उचलला. जॅक विन्स्लो नगर भागात काम करत होते. टिळकांचा त्यांच्यावर इतका प्रभाव होता की पुढे त्यांनीच इंग्रजीत टिळकांचं चरित्र लिहिलं. जालियनवाला बागेनंतर तर राज्यकर्त्या जातीचा माणूस म्हणून बंगल्यात राहून ख्रिस्त सांगणं त्यांना अवघड वाटू लागलं. 1922 मध्ये त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. गोऱ्यांनी आणि देशी बांधवांनी एका छपराखाली राहायचं, खादी नेसायची, जमिनीवर मांडी घालून एकाच पंगतीत शाकाहारी जेवायचं. आज हे साधं वाटेल. त्या काळी साहेबाने देशी माणसाशेजारी पाटावर बसून हाताने भात कालवणं ही सोपी गोष्ट नव्हती.

संघाचा आश्रम पुण्याला शिवाजीनगरात आला आणि 1927 च्या अखेरीस तिथे एल्विन दाखल झाले. वय पंचवीस, ऑक्सफर्डची इंग्रजी आणि धर्मशास्त्राची पदवी, डोक्यात गरिबीचं व्रत घेणारे संत फ्रान्सिस. शामरावांची आणि त्यांची गाठ इथेच पडली. पुढच्या जानेवारीत एल्विन साबरमतीला गेले आणि गांधीजींचे होऊन गेले. 1930 च्या कायदेभंगाची त्यांनी उघड बाजू घेतली आणि पाद्री म्हणून त्यांची वाट बिकट झाली. 1931 मध्ये त्यांनी संघ सोडला. शामराव त्यांच्यासोबत निघाले.

4 जानेवारी 1932 च्या पहाटे हे दोघे मुंबईत मणिभवनच्या, म्हणजे गांधीजी मुंबईत उतरत त्या घराच्या, गच्चीवर झोपले होते. शेजारीच गांधीजींचा तंबू. अंधारातच पोलीस वर आले. सोमवार, म्हणजे गांधीजींचा मौनवार, त्यामुळे जे सांगायचं ते त्यांनी कागदावर लिहून दिलं. एल्विनना दिलेल्या चिठ्ठीत निरोप होता की माझ्या देशबांधवांइतकंच माझं तुमच्या देशबांधवांवरही प्रेम आहे, हे त्यांना सांगा. मग ‘वैष्णव जन तो’ झालं आणि पोलीस गांधीजींना घेऊन गेले. त्याच महिन्यात एल्विन आणि शामराव तेव्हाच्या मंडला जिल्ह्यात, अमरकंटकच्या बाजूच्या करंजिया गावी पोचले. मातीच्या भिंती, गवताचं छप्पर, आणि भोवताली गोंडांची वस्ती.

नागपूरच्या बिशपनी एल्विनना पाद्री म्हणून काम करायचा परवाना नाकारला. राजनिष्ठेची शपथ घ्यायला ते तयार नव्हते, आणि कुणाचं धर्मांतर करायचं नाही हेही ठरलेलं होतं. चर्चने हात काढून घेतल्यावर राहिला तो दोन मित्रांचा संसार. गोंड सेवा मंडळ निघालं, शाळा निघाल्या, महारोग्यांसाठी घर उभं राहिलं. गावकऱ्यांनी दोघांची नावंही ठरवून टाकली: एल्विन बडा भाई, शामराव छोटा भाई.

बडा भाई लिहायचा, छोटा भाई गाव सांभाळायचा. खरूज धुणं, हिवतापाची औषधं देणं, भांडणं मिटवणं, शाळेकडे बघणं ही कामं शामरावांच्या वाट्याला जास्त आली. एल्विनना फिरायला आणि लिहायला जो वेळ मिळाला, तो या माणसाने दिलेला आहे असं मी मानतो. गाणी मात्र दोघांनी मिळून गोळा केली. मैकल डोंगरातल्या लोकगीतांच्या संग्रहावर दोघांचीही नावं आहेत.

1935 मध्ये एल्विननी चर्च कायमचं सोडलं. ज्या श्रद्धेने दोघांना एका छपराखाली आणलं, ती एकाच्या बाबतीत अशी बदलून गेली. तरी छप्पर मोडलं नाही. म्हणून मला ही मैत्री इतकी मोठी वाटते. पुढे मुक्काम पाटणगढला हलला. 1946 मध्ये शामरावांची दोन इंग्रजी पुस्तकं आली: एक एल्विनवर आणि दुसरं वरच्या नर्मदाखोऱ्यातल्या परधानांवर, म्हणजे बाना हे तंतुवाद्य वाजवत गोंडांच्या दारी वंशगाथा गाणाऱ्या भाटांवर. मराठी माणसाने तिथल्या मातीत बसून लिहिलेलं हे दुसरं पुस्तक आपल्याकडे कुणी हातात घेत नाही, याची मला मनापासून खंत आहे.

1954 मध्ये एल्विन ईशान्य सीमाभागाचे (आजचा अरुणाचल प्रदेश) सल्लागार होऊन शिलाँगला गेले, भारताचे नागरिक झाले, पुढे पद्मभूषण मिळालं. 22 फेब्रुवारी 1964 ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. शामराव पाटणगढलाच राहिले होते, परधानांच्या शेजारात. त्याच गावात, त्याच परधानांच्या घरात 1962 साली चित्रकार जनगढ सिंह श्याम जन्मला. बानाच्या सुरांवर गायले जाणारे देव पुढे त्याने रंगांत उतरवले.