अटलांटिक ब्ल्यूफिन ट्यूना : साठा-पुनरुज्जीवन योजना

अतिमासेमारीमुळे खंगलेला अटलांटिक ब्ल्यूफिन ट्यूनाचा (थन्नस थायनस) साठा पुन्हा भरून यावा यासाठी कोटा, हंगाम, माशाचे किमान वजन आणि व्यापाराची कागदपत्रे यांवर घातलेली आंतरराष्ट्रीय बंधने. ती 'आयकॅट' हा अटलांटिक ट्यूना संवर्धन आयोग ठरवतो. त्याचा करार १९६६ मध्ये रिओ दी जानेरो येथे झाला आणि १९६९ मध्ये अमलात आला. मुख्यालय माद्रिदला आहे. कोकणात कुपा म्हणून विकले जाणारे मासे याच कुळातले, पण वेगळ्या जातींचे. ही जात अरबी समुद्रात मिळत नाही.

मासा तीन मीटरपर्यंत वाढतो. गळाने पकडलेल्यांपैकी नोंदलेला सर्वांत जड मासा सुमारे ६७९ किलोचा होता (नोव्हा स्कॉशिया, कॅनडा, १९७९). भूमध्य समुद्रातला मासा साधारण चौथ्या वर्षी, पंचवीसएक किलोचा झाल्यावर अंडी घालू लागतो. मेक्सिकोच्या आखातातला त्याहून बराच उशिरा वयात येतो, असे रूढ मत आहे.

साठे एक की दोन : आयकॅटने १९८१ पासून ४५ अंश पश्चिम रेखावृत्त ही सीमा धरून पूर्व आणि पश्चिम असे दोन साठे मानले. पूर्वेचा भूमध्य समुद्रात अंडी घालणारा, पश्चिमेचा मेक्सिकोच्या आखातात. मासे मात्र ही रेषा जुमानत नाहीत, हे खुणा लावून सोडलेल्या माशांवरून दिसले. पुढे ओटोलिथने, म्हणजे माशाच्या कानातल्या चुनखडीच्या खड्याने, पुरावा भक्कम केला. या खड्याचा गाभा माशाच्या पहिल्या वर्षात बनतो आणि त्या वेळच्या पाण्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे (कमी-जास्त वजनाच्या रूपांचे) प्रमाण त्यात कायम राहते. भूमध्य समुद्रात बाष्पीभवन जास्त, म्हणून तिथे वाढलेल्या माशाच्या गाभ्यात जड ऑक्सिजन अधिक सापडतो. या कसोटीनुसार अमेरिकेच्या किनाऱ्यावर पकडलेल्यांत, विशेषतः लहान माशांत, भूमध्य समुद्रात जन्मलेल्यांचा वाटा काही वर्षी फार मोठा निघाला. याचा व्यवहारातला अर्थ गंभीर आहे. पश्चिमेकडे जाळ्यात आणि गळाला भरपूर मासा येतो, म्हणून पश्चिमेचा साठा सुधारला असे म्हणता येत नाही; तो मासा पूर्वेचा पाहुणा असू शकतो.

२०१६ मध्ये आणखी एक वाद उभा राहिला. अमेरिकेचा ईशान्य किनारा आणि गल्फ स्ट्रीम हा उबदार सागरी प्रवाह यांच्या मधल्या 'स्लोप सी' भागात ब्ल्यूफिनची पिल्ले सापडल्याने ते तिसरे प्रजननक्षेत्र असल्याचे मांडले गेले. पिल्ले तिथे जन्मतात याबद्दल आता फारशी शंका घेतली जात नाही. त्यांचा एकूण साठ्यात वाटा किती, याबद्दल सावध राहणे बरे. ४५ अंशांची रेषा जीवशास्त्रीय नसून प्रशासकीय आहे, हे मत आज अधिक ग्राह्य आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वीकारलेल्या कोटा-पद्धतीत दोन्ही साठ्यांची सरमिसळ गृहीत धरलेली आहे.

ऱ्हास आणि कोटा : १९९० च्या दशकाच्या मध्यापासून भूमध्य समुद्रात मासा जिवंत पकडून पिंजऱ्यात पोसण्याचा धंदा वाढला. मुख्य बाजार जपानचा. पूर्व साठ्याचा कोटा ३२,००० टन असताना प्रत्यक्ष पकड ५०,००० टनांच्या आसपास असावी आणि २००७ मध्ये ती सुमारे ६१,००० टन झाली असावी, असा आयोगाच्याच वैज्ञानिक समितीचा अंदाज होता. समितीने १५,००० टन किंवा त्याहून कमी पकड सुचवली होती. तरी नोव्हेंबर २००६ मध्ये दुब्रोव्हनिकला ठरलेल्या १५ वर्षांच्या योजनेने २००७ साठी २९,५०० टन मंजूर केले. त्या आकड्याला पुनरुज्जीवन म्हणणे कठीण आहे. २००८ मध्ये स्वतंत्र परीक्षकांनी हा कारभार आंतरराष्ट्रीय नामुष्की मानला जातो, असे नोंदवले. २०१० साठी कोटा १३,५०० टन झाला. मार्च २०१० मध्ये दोहा येथे या माशाचा आंतरराष्ट्रीय व्यापारच थांबवण्याचा मोनॅकोचा प्रस्ताव सायटीस या वन्यजीव-व्यापारावरील कराराच्या परिषदेत फेटाळला गेला, पण त्या भीतीने आयोग हलला, हे नाकारता येत नाही. २०११ मध्ये कोटा १२,९०० टनांवर आला. त्यानंतर तो २०१८ मध्ये २८,२००, २०२० मध्ये ३६,००० आणि २०२३ मध्ये ४०,५७० टन झाला.

हंगाम व वजन : किमान वजन ३० किलो किंवा लांबी ११५ सेंमी. बिस्केच्या उपसागरातील गळवाले, भूमध्य समुद्रातील काही लहान किनारी होड्या आणि एड्रियाटिकमधील पोसण्याचा मासा यांना ८ किलोची सूट आहे. मासे शोधायला विमान वापरण्यास बंदी आहे. पर्ससीन (थव्याभोवती टाकून खालून आवळायचे जाळे) वापरणाऱ्या नौकांचा हंगाम आक्रसत जाऊन बरीच वर्षे २६ मे ते २४ जून राहिला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलैची बंदी माशांच्या विणीचा काळ वाचवण्यासाठी असते. इथे उलट आहे : मासा अंडी घालायला स्पेनच्या बॅलेरिक बेटांजवळ पृष्ठभागावर थवा करतो, तेव्हाच पर्ससीनला मुभा आहे. बचाव होतो तो फक्त दिवस कमी असल्याने.

जिवंत माशाची मोजणी : योजनेचा कणा हाच, आणि सर्वाधिक गफलतही इथेच होते. पर्ससीन जाळ्यातला थवा पाण्याबाहेर निघतच नाही. जाळे पिंजऱ्याला शिवून पाण्याखालचे दार उघडतात, मासे पलीकडे पोहत जातात, आणि ओढनौका तो पिंजरा ताशी एक-दोन सागरी मैलांनी दिवसेंदिवस ओढत माल्टा, स्पेन, क्रोएशिया, तुर्कस्तान, ट्युनिशिया येथील शेतांकडे, म्हणजे मासा पोसण्याच्या पिंजऱ्यांकडे, नेते. वजनकाटा कुठेच नाही. हजार मासे प्रत्येकी १८० किलोचे असताना १५० किलोचे लिहिले, तर ३० टन कागदावरून नाहीसे होतात. महिनोन्‌महिने बांगडे, सार्डिन खाऊ घातल्यावर ते ३० टन 'वाढ' म्हणून परत येतात. म्हणून शेतातल्या वाढीला कमाल दर ठरवून द्यावे लागले.

मासे असे हलवताना प्रत्येक वेळी चित्रीकरण सक्तीचे आहे. चित्रफितीत परवानगीचा क्रमांक, तारीख, दार उघडणे आणि बंद होणे, तसेच देणाऱ्या-घेणाऱ्या पिंजऱ्यांत आधी मासा होता का, हे दिसावे लागते. मध्ये तुटलेली फीत चालत नाही. घोषित संख्या आणि चित्रफितीतली संख्या यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला की चौकशी लागते. शेतात सोडताना दोन भिंगांचा स्टिरिओ कॅमेरा दाराशी लावतात. किमान २० टक्के माशांची नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी मोजून त्यावरून वजन काढतात. मासा कॅमेऱ्यापासून दोन ते आठ मीटर अंतरात असावा. वजन साधारण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे लांबीत ३ टक्के चूक झाली की वजनात सुमारे ९ टक्के होते. पाणी गढूळ असेल, मासे दारात एकदम घुसून एकमेकांआड गेले किंवा मोजताना मासा वळलेला असेल, तर हीच चूक होते. वळलेला मासा आखूड दिसतो. कोट्याहून जास्त निघालेला मासा निरीक्षकासमोर सोडून द्यावा लागतो.

सोबत पकड-दाखला असतो. २००८ पासून कागदी, २०१६ पासून इलेक्ट्रॉनिक. त्याशिवाय मासा आयात-निर्यात करता येत नाही. तरी दाखले फिरवून काळा माल विकला जातोच. ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पेनच्या पोलिसांनी युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेसह केलेल्या 'टारान्टेलो' कारवाईत ७९ जणांना अटक झाली आणि ८० टनांहून अधिक मासा जप्त झाला. त्यानंतर महिन्याभरातच, मुदतीच्या चार वर्षे आधी, पुनरुज्जीवन योजनेचे नित्य व्यवस्थापन योजनेत रूपांतर करण्यात आले.

यशाचे श्रेय : काही अभ्यासक सुधारणेचे श्रेय २००३ साली जन्मलेल्या असाधारण मोठ्या पिढीला देतात, काही नियमांना. दोन्ही वेगळे काढणे अवघड आहे. पण ती पिढी वयात येत असतानाच ३० किलोची अट लागू झाली. अट नसती तर त्यातले बरेच मासे अंडी घालण्याआधीच पिंजऱ्यात गेले असते, असे मानण्यास जागा आहे.

पश्चिम साठा : १९९८ मध्ये ठरलेली २० वर्षांची योजना होती, कोटा २,५०० टनांवरून २०११ पर्यंत १,७५० टनांवर आणि २०२३ मध्ये २,७२६ टनांवर. पिल्लांची पैदास कायमची घटली आहे असे मानले तर साठा सावरलेला ठरतो. पूर्वीसारखी वाढू शकते असे मानले तर तो उद्दिष्टाच्या फार खाली राहतो. हे न सुटल्याने आयकॅटने २०१७ मध्ये साठ्याच्या आकाराचे ते उद्दिष्टच बाजूला ठेवले आणि मासेमारीच्या दाबावर (साठ्यातला किती भाग पकडला जातो यावर) आधारित निकष घेतला. मेक्सिकोच्या आखातात ब्ल्यूफिन मुद्दाम पकडण्यास मनाई आहे, पण इतर ट्यूनासाठी टाकलेल्या लाँगलाइनच्या (अनेक गळ लावलेल्या लांब दोरीच्या) गळाला तो लागतो. म्हणून अमेरिकेने २०११ मध्ये तिथे 'कमजोर गळ' सक्तीचे केले; २०२० पासून ही सक्ती जानेवारी ते जूनपुरती आहे. ते ३.६५ मिलिमीटरहून जाड नसलेल्या तारेचे गोल गळ असतात. पिवळ्या परांचा ट्यूना त्यांवर टिकतो, ब्ल्यूफिनच्या जोराने गळ सरळ होऊन मासा सुटतो. सप्टेंबर २०२१ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने या जातीला संकटग्रस्त यादीतून काढून कमी चिंतेच्या गटात घातले. आखातात अंडी घालणारा पश्चिमेचा मासा मात्र १९७० च्या दशकापासून निम्म्याहून अधिक घटलेला आहे, हेही त्याच वेळी नोंदवले.