चिखलदरा मुक्काम

चिखलदरा मुक्काम : अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा या गिरिस्थानी हवापालटासाठी चार-आठ दिवस राहण्याची वऱ्हाडातील रूढ प्रथा. गाव सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, पठाराच्या कडेला वसले आहे. उंची सुमारे १,१०० मी.; निरनिराळ्या संदर्भग्रंथांतील आकड्यांत शंभरेक मीटरांचा फरक पडतो, तो बहुधा मोजणी नेमकी कुठून केली यामुळे. लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास असूनही येथे नगरपरिषद आहे आणि तालुक्याचे मुख्यालयही. चिखलदरा व धारणी हे दोन तालुके मिळून मेळघाट होतो.

नावाच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते आहेत. पहिले लोकप्रिय असून पर्यटन पुस्तिकांतून आणि गावातील फलकांवरून तेच वाचायला मिळते. विराटाच्या घरी अज्ञातवासात असलेल्या द्रौपदीची छेड काढणाऱ्या कीचकाला भीमाने येथे मारून दरीत फेकले, म्हणून ही ‘कीचकदरा’, आणि तिचेच पुढे चिखलदरा झाले. भीमाने रक्ताळलेले हात धुतले ते भीमकुंड; जवळचे वैराट हे उंच स्थळ म्हणजे विराटनगर. कथा जागेवर बेतून बसवलेली आहे, मात्र महाभारतात कीचकवध रात्रीच्या वेळी नर्तनशाळेत होतो, दरीचा तेथे संबंध नाही. विराटाचा मत्स्य देश अभ्यासक सामान्यतः राजस्थानात जयपूरजवळच्या बैराटकडे धरतात. शिवाय विराटनगरी आपलीच, असा दावा साताऱ्याकडे वाई आणि कर्नाटकात हनगल हीही गावे करतात. भाषेच्या अंगानेही अडचण आहे. ‘कीचक’चे ‘चिखल’ व्हायचे तर क-च यांची अदलाबदल मानावी लागते, क चा ख करावा लागतो, आणि एवढे करूनही शेवटचा ल कोठून आला हे उरतेच.

दुसरे मत साधे आहे : चिखलाची जागा ती चिखलदरा. प्राकृत ‘चिक्खल्ल’पासून मराठी ‘चिखल’ सरळ येतो, वेगळी खटपट लागत नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लिखाणात गावाचे नाव ‘चिकलदा’ असे येते. हे रूप साहेबांच्या जिभेने कापलेले की त्या काळी लोकांच्या तोंडी असलेलेच, हे केवळ त्या लिखाणावरून ठरत नाही. पण मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात नर्मदाकाठी चिखलदा नावाचे गाव होते व त्याला कोणी कीचक चिकटवलेला नाही, ही गोष्ट येथे विचारात घ्यावी लागते. बुलढाण्याची चिखली तर सर्वांना ठाऊक आहे. जागेचा स्वभावही याच मताला पुष्टी देतो. काळ्या बेसाल्ट खडकाचा सपाट माथा, त्यावर मातीचा थर, आणि उतार कड्यापाशी एकदम सुरू होणारा. जून ते सप्टेंबर पाणी माथ्यावरच घोटाळते. गावाला नाव देणारे लोक बारमाही येथे राहणारे असणार, उन्हाळ्यात चार दिवसांसाठी आलेले नव्हेत. प्रस्तुत नोंदीत म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य मानले आहे. कीचकाची कथा मात्र स्थळ दाखवणाऱ्या प्रत्येक पोराच्या तोंडी राहील, आणि राहावी.

पठाराचा लिखित इतिहास गाविलगड किल्ल्यापासून सुरू होतो. तो बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ मध्ये बांधला असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. गवळ्यांची मातीची गढी तेथे आधीपासून असावी, असे नावावरून अनुमान केले जाते. पुढे तो अचलपूरच्या इमादशाहीकडे आला. १८०३ च्या डिसेंबरात दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीने त्याला वेढा घातला. कर्नल स्टीव्हन्सनची फौज जंगलातून तोफा ओढत उत्तरेच्या अंगाने पठारावर चढली, आणि १५ डिसेंबरला नागपूरकर भोसल्यांचा हा किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला.

हवेचे ठिकाण म्हणून हे पठार १८२३ मध्ये हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनने ‘शोधले’, असे सांगण्याची रीत आहे. कोरकू आदिवासी व गवळी येथे आधीपासून राहत असल्याने ‘शोधले’ या शब्दाचा अर्थ एवढाच घ्यावा की, साहेबाला उन्हाळा काढायला जागा सापडली. १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आल्यानंतर येथील बंगले वाढले. खाली अमरावती-अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की अधिकारी वर चढत आणि मृग लागण्याच्या सुमारास खाली उतरत. त्यांचे पाहून वकील, मालगुजार व व्यापारी कुटुंबेही येऊ लागली. ‘हवा खायला चिखलदऱ्याला’ हा वाक्प्रयोग त्या पिढीचा. उन्हाळ्याच्या या मुक्कामात भांडी, शिधा आणि आचारी खालूनच येत.

आता हंगाम नेमका उलटा झाला आहे. गर्दी जुलै ते सप्टेंबर या धुक्याच्या दिवसांत, त्यातही शनिवार-रविवारी आणि पंधरा ऑगस्टच्या जोडून आलेल्या सुट्ट्यांत होते. पावसाळी मुक्काम आखताना धुके हाच मुख्य मुद्दा धरावा. देवी पॉइंट, पंचबोल, हरिकेन, मोझरी या नावांची यादी खिशात घेऊन आलेल्यास दोन-दोन दिवस पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. मग एखाद्या दुपारी दहा मिनिटे पडदा सरकतो आणि खालच्या दरीतले चार-पाच धबधबे एकदम उघडे पडतात. ती दहा मिनिटे मिळवायची तर किमान तीन रात्री हाताशी हव्यात. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा भाजलेले कणीस तेवढे येते. खोलीत दोरीवर टाकलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओला असतो, काडेपेटी नरम पडते, गादीला दमट वास येतो. जादा कपड्यांचा जोड आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या हे जुने जाणकार आधी सांगतात, पॉइंटांची नावे नंतर.

पावसाळ्यातील आणखी एक पेच वाघाचा. मेळघाट हा १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी एक. पण भर पावसात गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते. धुके आणि जंगल दोन्ही एकाच खेपेत साधत नाहीत. जंगल पाहायचे असल्यास हिवाळा किंवा उन्हाळा धरून सेमाडोह, कोलकास येथील वनविश्रामगृहे आधी आरक्षित करावी लागतात. कोलकास सिपना नदीच्या काठावर आहे. हिवाळी मुक्कामाला परतवाड्याजवळच्या बहिरमच्या यात्रेची जोड देण्याचा प्रघात आहे. ती डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत चालते आणि रोडगे व मातीच्या हंडीतील मटण यांसाठी ओळखली जाते.

वाट परतवाड्यावरून. अमरावतीहून परतवाडा सुमारे ५० किमी., तेथून घाट सुमारे ३० किमी.; रेल्वेने येणाऱ्यांस बडनेरा सोयीचे. परतवाड्यावरून दोन रस्ते चढतात, एक धामणगाव गढीकडून आणि दुसरा घटांगकडून. गर्दीच्या दिवशी पोलीस कधी कधी एक चढण्यासाठी व दुसरा उतरण्यासाठी ठेवतात. पेट्रोल आणि रोख रक्कम यांची सोय परतवाड्यातच करून घेणे बरे. निवासासाठी पर्यटन महामंडळाचे संकुल, शासकीय विश्रामगृह आणि खाजगी हॉटेले आहेत. हरिकेन पॉइंट ते गोरघाट असा ४०७ मी. लांबीचा काचेचा झुलता पूल सिडकोने आखल्यापासून ‘स्कायवॉक झाला का?’ हा प्रश्न चौकशीत पहिला येतो.

खाण्यात मोथा गावचा खवा आणि रबडी यांचे नाव आहे. गवळ्याच्या घरापुढे मोठ्या कढईत दूध उकळत असते, लांब दांड्याच्या उलथण्याने तळ खरवडण्याचा आवाज रस्त्यावर येतो आणि खवा पळसाच्या पानावर गरमच मिळतो. अलीकडे तेथे स्ट्रॉबेरीही होते. मरियमपूर भागात कॉफीची झाडे आहेत. महाराष्ट्रात कॉफी पिकणारी ही एकमेव जागा असल्याचे स्थानिक लोक अभिमानाने सांगतात. जेवण म्हणाल तर वऱ्हाडीच, ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा.

कोरकूंविषयी मुक्कामी पाहुण्यांच्या लिखाणात होळीच्या नाचापलीकडे फारसे येत नाही. त्यांची भाषा मुंडा गटातील, म्हणजे संथाळी व मुंडारीची नातलग, आणि त्या गटाच्या अगदी पश्चिम टोकाची आहे. कुटकी, कोदो, सावा ही त्यांची जुनी धान्ये; हॉटेलांच्या पाटीवर ती क्वचितच दिसतात.