युनिव्हर्सॅलिटी प्रवेश (ऑलिंपिक जलतरण)

ऑलिंपिक जलतरणासाठी ठरवून दिलेली पात्रता-वेळ ज्या देशाच्या एकाही जलतरणपटूने गाठलेली नसते, त्या देशाला एक पुरुष आणि एक महिला पाठवण्याची मुभा देणारी व्यवस्था. वर्तमानपत्रांत तिला ‘वाइल्ड कार्ड’ म्हणतात, पण टेनिसमधल्या वाइल्ड कार्डाशी तिचा फारसा संबंध नाही. तिथे आयोजक आपल्या पसंतीच्या खेळाडूला बोलावतो. इथे जागा देशाला मिळते आणि तिच्यावर कोण जाणार हे गुणांवरून ठरते. आशिया, आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक बेटांवरच्या अनेक जलतरणपटूंना ऑलिंपिकचा तलाव या एकाच दारातून दिसतो, आणि त्यांतले बरेच जण फ्रीस्टाइलमध्येच उतरतात.

ही सोय जगाला माहीत झाली ती २००० साली सिडनीत. पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलच्या पहिल्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीतल्या शर्यतीत, तीनच जण होते : नायजरचा करीम बारे, ताजिकिस्तानचा फरखोद ओरिपोव्ह आणि इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसांबानी. पहिले दोघे इशाऱ्याआधीच पाण्यात पडले आणि बाद झाले. मुसांबानी एकटाच पोहला. काही महिन्यांपूर्वी एका हॉटेलच्या लहानशा तलावात तो पोहायला शिकला होता आणि ५० मीटरचा तलाव त्याने सिडनीत पहिल्यांदा पाहिला. त्याला १ मिनिट ५२.७२ सेकंद लागले. त्याच स्पर्धेत नेदरलँड्सच्या पीटर व्हान डेन होगेनबांडने २०० मीटरचे सुवर्णपदक १:४५.३५ वेळेत जिंकले, म्हणजे दुप्पट अंतर त्याहून कमी वेळात. शेवटच्या काही मीटरांत मुसांबानी जवळजवळ थांबला होता आणि प्रेक्षक उभे राहून ओरडत होते. पुढे त्याने आपली वेळ ५७ सेकंदांच्या आत आणली आणि २०१२ मध्ये तो आपल्या देशाचा राष्ट्रीय प्रशिक्षक झाला. ही बाजू फारशी सांगितली जात नाही. लोकांच्या लक्षात राहिली ती त्याची धडपड, आणि युनिव्हर्सॅलिटी म्हणजे बुडता बुडता वाचणारा पोहणारा, हा समज तिथूनच रूढ झाला. तो बहुतांशी चुकीचा आहे.

व्यवस्था कशी चालते हे पॅरिस २०२४ च्या नियमांवरून नीट समजते. जागतिक संघटनेने (पूर्वीची ‘फिना’, आता ‘वर्ल्ड अॅक्वाटिक्स’) प्रत्येक शर्यतीसाठी दोन वेळा ठरवल्या होत्या. पहिली ऑलिंपिक पात्रता-वेळ, जिला खेळाडू अजून जुन्या सवयीने ‘ए कट’ म्हणतात. ती गाठली की प्रवेश पक्का, मात्र एका शर्यतीत एका देशाचे जास्तीत जास्त दोघे. दुसरी ‘विचाराधीन’ वेळ, म्हणजे ‘बी कट’. ती गाठणाऱ्यांना जागा शिल्लक राहिल्या तरच बोलावणे येते. पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये या वेळा ४८.३४ आणि ४८.५८ सेकंद होत्या, ५० मीटरमध्ये २१.९६ आणि २२.०७. वेळ ५० मीटरच्या तलावात आणि मान्यताप्राप्त स्पर्धेतच नोंदवलेली हवी. या दोन्ही वाटा ज्यांना बंद असतात त्या देशांसाठी तिसरी वाट युनिव्हर्सॅलिटीची. त्यातही उमेदवाराने आधी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत भाग घेतलेला असावा लागतो. पुरुष आणि महिलांचा हिशेब वेगळा असतो. टोकियोत भारताचे साजन प्रकाश आणि श्रीहरी नटराज ‘ए कट’वर गेले, तरी महिलांची जागा रिकामी असल्याने माना पटेलला युनिव्हर्सॅलिटीतून १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये उतरता आले.

एकाच देशातला फ्रीस्टाइलवाला चांगला की ब्रेस्टस्ट्रोकवाला, याची तुलना गुणतक्त्याने होते. पायाभूत वेळेला, जी साधारणपणे त्या शर्यतीचा जागतिक विक्रम असते, खेळाडूच्या वेळेने भागायचे, उत्तराचा घन करायचा आणि हजाराने गुणायचे. चीनच्या पान झानलेने पॅरिसमध्ये नोंदवलेली १०० मीटरची ४६.४० ही वेळ पायाभूत धरली, तर बरोबर ५० सेकंदांत पोहणाऱ्याला ७९९ गुण पडतात. घनामुळे वरच्या पातळीवर दशांश सेकंदालाही भाव येतो. एका महासंघाला एकच माणूस पाठवायचा असताना इतके कोरडे गणित असणे चांगलेच आहे, निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात वाद होतातच. रिओ २०१६ मध्ये इथिओपियाचा रोबेल किरोस हाब्ते १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये १:०४.९५ वेळ घेऊन शेवटचा आला. त्याचे वडील देशाच्या जलतरण महासंघाचे अध्यक्ष असल्याचे कळल्यावर मायदेशातूनच टीकेची झोड उठली.

पण युनिव्हर्सॅलिटीचा खरा प्रश्न तळाच्या देशांचा नाही, मधल्या देशांचा आहे. थायलंड हे त्याचे ठळक उदाहरण. १९५९ साली बँकॉकनेच पहिली आग्नेय आशियाई द्वीपकल्पीय क्रीडास्पर्धा भरवली, जिचे आज ‘सी गेम्स’ झाले आहे. १९९८ च्या आशियाई खेळांचे यजमानपदही बँकॉककडेच होते. म्हणजे जलतरणाची परंपरा आहे, प्रशिक्षक आहेत, स्पर्धांचे वेळापत्रक आहे. तरीही ऑलिंपिकमध्ये थायलंडची सुवर्णपदके मुष्टियुद्ध, भारोत्तोलन आणि तायक्वांदोत आहेत. जलतरणात एकही पदक नाही. अशा देशातल्या फ्रीस्टाइल जलतरणपटूची कारकीर्द दोन वर्षांनी येणाऱ्या सी गेम्सभोवती फिरते. तिथे पदके, राष्ट्रीय विक्रम आणि घरच्या वाहिन्यांवर नाव. चार वर्षांनी ऑलिंपिकमध्ये एक हीट, दोन मिनिटांच्या आसपासचे काम, आणि सोळा जणांच्या उपांत्य फेरीबाहेर नाव. नत्थनन चनक्रचांग ही थाई जलतरणपटू लंडन २०१२ आणि रिओ २०१६ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये २०० मीटर फ्रीस्टाइल पोहली. एकाच अंतरासाठी इतकी वर्षे वेळेतले शतांश खरवडत राहणे हे काम पदकतक्त्यात कुठेच दिसत नाही.

या मधल्या देशांवरचा दाब अलीकडे वाढला. टोकियोसाठी ‘बी कट’ मुख्य वेळेपेक्षा ३ टक्के ढिला होता. पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ४८.५७ पासून ५०.०३ पर्यंत जागा होती. पॅरिससाठी ही सूट अर्ध्या टक्क्यावर आली. दीड सेकंदाचा पट्टा पाव सेकंदाचा झाला. जलतरणाच्या एकूण जागाही टोकियोच्या ८७८ वरून ८५२ वर आल्या. परिणाम असा, की ४९ सेकंदांत पोहणारा माणूस पूर्वी निदान बोलावण्याची वाट पाहू शकत होता, आता तो थेट युनिव्हर्सॅलिटीच्या रांगेत येतो. तिथे देशातून एकच पुरुष. त्याच्याच देशाचा दुसरा जलतरणपटू अनेक देशांच्या पहिल्या क्रमांकापेक्षा कितीतरी वेगवान असूनही घरी बसतो. सार्वत्रिकतेसाठी केलेली सोय अशा ठिकाणी दार अरुंद करते, आणि हा दोष नियम लिहिणाऱ्यांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

आग्नेय आशियातून वरपर्यंत गेलेली माणसे नाहीत असे नाही. सिंगापूरचा आंग पेंग सिओंग १९८२ मध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल २२.६९ सेकंदांत पोहला, आणि त्या वर्षी जगात त्याहून वेगवान कोणी नव्हते. त्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई खेळांत त्याने १०० मीटरचे सुवर्ण घेतले. गंमत म्हणजे ५० मीटर फ्रीस्टाइल ऑलिंपिकमध्ये आली १९८८ ला, त्यामुळे ऐन भरात असताना त्याच्यासाठी ती शर्यतच नव्हती. त्याचा तो राष्ट्रीय विक्रम २०१५ मध्ये जोसेफ स्कूलिंगने मोडला. पुढच्याच वर्षी रिओत स्कूलिंगने १०० मीटर बटरफ्लायमध्ये मायकेल फेल्प्सला मागे टाकून सुवर्ण जिंकले. दोघेही अमेरिकेत घडले, हे मात्र सोडून चालणार नाही.

अमेरिका परवडत नाही त्यांच्यासाठी थायलंड हाच एक पर्याय बनला. फुकेतच्या थान्यापुरा क्रीडासंकुलात फिनाच्या शिष्यवृत्तीवर वेगवेगळ्या देशांचे जलतरणपटू सराव करत. रिओपूर्वी भारताची शिवानी कटारिया तिथे होती, साजन प्रकाशही तिथे राहून शिकला. रिओत हे दोघेही युनिव्हर्सॅलिटीवरच गेले, आणि शिवानीची शर्यत होती महिलांची २०० मीटर फ्रीस्टाइल, म्हणजे नत्थननचीच. पॅरिसमध्ये बेंगळुरूची चौदा वर्षांची धिनिधी देसिंघू याच वाटेने याच शर्यतीत उतरली. तिच्यासारख्या मुलीसाठी ही जागा म्हणजे शेवट नव्हे, सुरुवात असते. व्यवस्थेच्या बाजूने एवढा एक युक्तिवाद पुरेसा आहे.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचे. २००८ मध्ये बीजिंगला तो सोळाव्या वर्षी ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल पोहला. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याचे कांस्य एका शतांश सेकंदाने हुकले. त्याचे आशियाई पदक २०१० चे, ग्वांगझूमधले, ५० मीटर बटरफ्लायचे. ही शर्यत त्याच्या काळात ऑलिंपिकमध्ये नव्हती.

लॉस एंजेलिस २०२८ पासून बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोक या तिन्ही प्रकारांच्या ५० मीटर शर्यती ऑलिंपिकमध्ये येत आहेत. युनिव्हर्सॅलिटीवर येणाऱ्यांची ५० आणि १०० मीटर फ्रीस्टाइलच्या सुरुवातीच्या हीटमध्ये होणारी दाटी त्यामुळे थोडी पांगेल. देशामागे एक पुरुष आणि एक महिला या मर्यादेला मात्र नव्या शर्यतींनी आपोआप धक्का लागत नाही.