पूर्व भागातली घरे : माळवद ते स्लॅब

सोलापूरच्या पूर्व भागात साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ इथली एकमेकांना खेटलेली घरे पाहिली की त्यांची ठेवण जरा चमत्कारिक वाटते. तळमजला नको तेवढा उंच, खिडक्या पार छताजवळ, जिना थेट रस्त्यावरून वर. ही ठेवण कापड विणायच्या मागाने ठरवली आहे.

जुनी घरे माळवदाची. पाऊस बेताचाच, तेवढ्यात मातीचे छत निभायचे. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७० च्या दशकात पहिली गिरणी. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी हातमाग घरीच ठेवला. खड्डामागावर विणकर जमिनीलगत बसतो, पाय खड्ड्यात. त्याला उंच छत लागत नाही. कारखानदाराच्या घरीच असामी, म्हणजे मजुरीवरचे विणकर, विणायचे, पुष्कळदा झोपायचेही तिथेच.

स्वातंत्र्यानंतर यंत्रमाग वाढले आणि माळवदाचे दिवस भरले. हादऱ्याने छताची माती ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या सुतावर, गळणार. चादरीची नक्षी काढणारे जेकार्ड मागाच्या डोक्यावर बसते, म्हणून उंची हवी. लोखंडी गर्डरवर शहाबादी फरशी आली, मग स्लॅब. वजनदार माग खालीच राहिले, बिऱ्हाड वर गेले.

खरा वाद मधल्या भिंतींचा. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार वीज वापरून दहा किंवा जास्त कामगार राबत असतील, तर ती जागा कारखाना ठरायची. मग आकडा दहाच्या आत राहावा म्हणून एकाच छताखालचे माग भावाच्या, बायकोच्या, मुलाच्या नावावर वाटले गेले. मध्ये विटांची भिंत, प्रत्येकाला वेगळे दार, वेगळा मीटर. रस्त्यावरून दिसणारी अरुंद दारांची रांग पुष्कळ अंशी यातूनच आली. मालक म्हणतात, ही साधी वाटणी. असेलही, पण खरी वाटणी झाली की चूल वेगळी होते. इथे कैक घरांत खाली भिंत आणि वर स्वयंपाकघर एकच. चार-सहा मागांवर पोट असलेल्यालाही सुताचा भाव परवडत नव्हता, हे खरे. पण त्या भिंतीची किंमत फंड आणि बोनसच्या रूपाने कामगाराने मोजली. घरातला माग हा घरगुती व्यवसाय की कारखाना, याचा निकाल कागदावर लागायच्या आधी गवंड्याने लावून टाकला होता.

पुढे अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेड उभ्या राहिल्या, ज्यांना जमले ते माग घेऊन तिकडे गेले. याच पेठांतल्या उंबऱ्यांवर विड्या वळणाऱ्या बायकांसाठी शहराजवळच्या कुंभारी गावाला २००६ मध्ये दहा हजार घरांची वसाहत झाली. २०२४ मध्ये त्याच परिसरात आणखी १५,००० घरांचा ताबा कामगारांना मिळाला. पेठेत रिकामे झालेले तळमजले गणवेश शिवणाऱ्यांनी भाड्याने घेतले. जेकार्डसाठी सोडलेल्या उंचीत पोटमाळा टाकला, वर कापडाचे तागे, खाली शिलाई मशीन. मधल्या भिंती मात्र फारशा कुणी पाडल्या नाहीत. आता प्रत्येक गाळ्याचे भाडे वेगळे येते.