गाळातल्या काचेच्या डब्या

१९७० च्या दशकात स्कॉटलंड आणि स्कँडिनेव्हियातल्या कित्येक तळ्यांतले मासे नाहीसे होत चालले होते. पाणी आम्लधर्मी झालंय, याबद्दल दुमत नव्हतं. वाद होता तो कारणावर. कुणी कोळशाच्या धुराकडे बोट दाखवी, कुणी तळ्याभोवती लावलेल्या सूचिपर्णी झाडांकडे. जुन्या नोंदी पाहाव्यात, तर पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी) ही कल्पनाच १९०९ ची! शंभर वर्षांपूर्वीचं पाणी कसं होतं, हे सांगणार कोण?

सांगितलं ते करंडक शैवालांनी, म्हणजे डायटमनी. हा एकपेशीय जीव स्वतःभोवती सिलिकाची डबी बनवतो, अगदी झाकणासकट. म्हणून हे नाव. डबीवरच्या नक्षीवरून जात ओळखता येते. जीव मेला तरी डबी सहसा कुजत नाही, तळाशी बसते. दरवर्षी तिच्यावर नवा गाळ साचतो.

या जाती पाण्याच्या बाबतीत भलत्याच चोखंदळ. एकीला आम्लधर्मी पाणी मानवतं, दुसरीला खारं, तिसरीला सांडपाण्याने सकस झालेलं. म्हणून आधी आजच्या अनेक तळ्यांत कोणत्या सामूला कोणत्या जाती राहतात, याचा हिशेब मांडतात. मग तळात नळी खुपसून गाळ उभाच्या उभा काढायचा, त्याच्या पातळ चकत्या करायच्या, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तापवून सेंद्रिय भाग घालवायचा आणि उरलेल्या डब्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. एका चकतीत तीनशे ते पाचशे! कंटाळवाणं काम, पण त्याला पर्याय नाही. अलीकडच्या थरांचं वय शिसं-२१० या किरणोत्सारी शिशावरून कळतं. दर २२ वर्षांनी ते निम्मं होतं.

स्कॉटलंडमधल्या राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड या तळ्यात रिक बॅटरबी आणि रॉजर फ्लॉवर या शास्त्रज्ञांनी हेच केलं. १८५० च्या सुमारापर्यंत सामू साधारण ५.५ वर टिकून होता, नंतर तो ५ च्या खाली घसरला. या तळ्याभोवती सूचिपर्णी लागवड झालेलीच नव्हती. शिवाय वरच्या थरांत कोळशाच्या धुरातले काजळीचे गोल कण सापडले. झाडांवरचा आरोप इथे टिकला नाही.

ही साक्ष सगळीकडे मिळत नाही. फार अल्कधर्मी पाण्यात डब्याच विरघळतात. ग्लेनहेडमध्ये मात्र ती अजून चालू आहे: गंधकाचा धूर कमी झाल्यावर आम्लप्रिय जाती मागे हटल्या, पण १८५० पूर्वीचा मेळा जसाच्या तसा परतलेला नाही.