वायरीने जोडलेला फोन कीबोर्ड का होत नाही

कीबोर्डवर चहा सांडला आणि संगणक ‘कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा’ म्हणून अडून बसला, की माणूस आधी हसतो आणि मग टेबलावरच्या फोनकडे बघतो. फोन चार्जिंगसाठी त्याच संगणकाला लावलेला असतो. पडद्यावर बटणं आहेत, मध्ये वायर आहे. मग अडतं कुठे?

यूएसबी येण्याआधी कीबोर्डला स्वतःचं गोल पोर्ट असायचं, आयबीएमने १९८७ मध्ये आणलेलं पीएस/२. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक धरून सात कंपन्या त्यामागे होत्या, आणि त्या कामातलं ठळक नाव इंटेलच्या अजय भट्टांचं. हे गृहस्थ गायकवाडांच्या बडोद्यातले, तिथल्याच सयाजीराव विद्यापीठात शिकलेले.

यूएसबीत दोन्ही टोकं बरोबरीची नसतात. एक होस्ट, दुसरं डिव्हाइस. आणि होस्टने विचारल्याशिवाय डिव्हाइसने तोंड उघडायचं नाही. बटण दाबलं गेलं हेही कीबोर्ड आपणहून सांगत नाही. संगणकच दर काही मिलिसेकंदांनी ‘काही आहे का?’ विचारत राहतो. उत्तर येतं आठ बाइटचं. पहिल्यात शिफ्ट-कंट्रोलसारखी बटणं, दुसरा रिकामा, उरलेल्या सहांत दाबलेल्या बटणांचे क्रमांक. इंग्रजी ‘ए’चा क्रमांक ४, ‘के’चा १४. हा साचा इतका साधा ठेवला तो मुद्दाम: विंडोज किंवा लिनक्स सुरू व्हायच्या आधी, बायोसलाही, म्हणजे संगणक चालू होताच सर्वांत आधी जागा होणाऱ्या प्रोग्रामलाही, कीबोर्ड समजला पाहिजे.

आता गंमत अशी, की संगणकाला लावलेला फोन आधीच डिव्हाइसच्या भूमिकेत असतो. पेन ड्राइव्ह किंवा माउस फोनला जोडायचा तर त्याला होस्ट व्हावं लागतं, आणि त्यासाठी २००१ च्या अखेरीस ‘ऑन-द-गो’ ही पुरवणी आली. कीबोर्ड व्हायला तीही लागत नाही. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, २०१० सालीच अशी सोय आली, की यूएसबीवर डिव्हाइस होऊ शकणारं कोणतंही लिनक्स उपकरण यूएसबीवर ‘मी कीबोर्ड आहे’ असं सांगू शकेल. अँड्रॉइड त्याच कर्नलवर चालतं. केबल लावल्यावर येणाऱ्या यादीत फाइल ट्रान्सफर आहे, टेदरिंग आहे, मिडी (संगीतवाद्यांसाठीची जोडणी) आहे, अँड्रॉइड १४ पासून काही फोनवर वेबकॅमसुद्धा आहे. कीबोर्ड तेवढा नाही.

हौशी मंडळी थांबली नाहीत. कर्नलमध्ये बदल करून, फोन रूट करून, म्हणजे त्याच्या प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवून, त्यांनी हे जमवलं. त्यावर ॲपही आली. फोनमध्ये साठवलेला लांबलचक पासवर्ड संगणकात ‘टाइप’ करून देणारीसुद्धा. पण रूट करायचं म्हणजे वॉरंटीवर पाणी सोडायचं आणि बँकेचं ॲप रुसणार. सर्वसामान्य माणूस यात पडत नाही, आणि पडू नये असंच मला वाटतं.

दार बंद राहण्याला एक कारण पुरेसं आहे, मग कंपन्यांच्या मनात तेच असो वा नसो: संगणक कीबोर्डवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. ऑगस्ट २०१४ मध्ये ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षा परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल या संशोधकांनी ‘बॅडयूएसबी’ दाखवलं. साधा पेन ड्राइव्ह, आतलं फर्मवेअर (त्याला चालवणारा प्रोग्राम) बदललेला, स्वतःला कीबोर्ड म्हणवतो आणि भराभर आज्ञा टाइप करतो. संगणक काही विचारत नाही; समोर माणूसच बसलाय असं धरून चालतो. फोनमधल्या कुठल्याही ॲपला ही मुभा मिळाली तर काय होईल, ते सांगायला नको.

पुढे अँड्रॉइड ९ मध्ये, २०१८ साली, फोनला ब्लूटूथ कीबोर्ड होण्याची अधिकृत वाट मिळाली. तिथे आधी जोडी जमवावी लागते, म्हणजे संगणकाच्या मालकाचा होकार लागतो. पण बायोसच्या पडद्यावर ती सहसा कामाची नाही. वायफायवरची रिमोट ॲप तर त्याहून उशिरा जागी होतात, कारण त्यांचा जोडीदार प्रोग्राम संगणकावर आधी चालू असावा लागतो. चहा सांडलेल्या रात्री दोन्ही बहुधा निरुपयोगी.

आणि वायरीतून जमलं तरी मराठी टंकणाऱ्याची एक वेगळी निराशा ठरलेली. फोनला आपण ‘नमस्कार’ म्हणतो आणि तो देवनागरीत लिहितो. वायरीतून मात्र अक्षर जात नाही, बटणाचा क्रमांक जातो, आणि त्या आठ बाइटच्या साच्यात ‘न’ला क्रमांकच नाही. संगणकावर इन्स्क्रिप्ट हा देवनागरीचा कीबोर्ड-आराखडा निवडलेला आहे असं धरून फोनला पाठवावं लागतं ते असं: २५, ६, १६, ७, १४, ८, १३. सात बटणं: न, म, स, हलन्त, क, काना, र. संगणक त्या वेळी इंग्रजीवर असेल, तर पडद्यावर उमटतो सात रोमन अक्षरांचा पुंजका.